लाल आकडा, घर नंबर सात

जुनवानीच्या त्रिवेणी अपार्टमेंटमध्ये बारा घरं आहेत, आणि त्या बारांपैकी कोणतं घर कधी आणि किती खातं हे आपल्याला नुसत्या आकड्यावरून सांगता येतं, असं देवीदास खोब्रागडे यांचं म्हणणं होतं. खातं म्हणजे इंटरनेट. भाकरीचं म्हणाल तर स्वतःच्या घरातलंही त्यांना सांगता आलं नसतं. ते खातं बायकोकडे, शेवंताबाईंकडे होतं.

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर लोक हसले असते. पण देवीदासजींनी स्टील प्लांटच्या पॉवर विभागात तेहतीस वर्षं मीटरांची रीडिंगं घेतली होती. दर तासाला, तास भरला की भरला, हातात रजिस्टर आणि कानामागे पेन. लग्नात हार घालतानाही त्यांनी आधी घड्याळ पाहिलं होतं, असं शेवंताबाई अजून सांगतात. रिटायर झाले, सेक्टर दोनचं क्वार्टर सुटलं, जुनवानीत फ्लॅट घेतला, तरी तासाच्या ठोक्याला त्यांचा उजवा हात आपोआप कानामागे जाई. तिथे पेन नसे. मग ते उगाच कान खाजवून हात खाली घेत.

अशा माणसाच्या हाती बारा घरांचं इंटरनेट आलं.

झालं असं, की घरोघरी वेगळी लाइन घेण्यापेक्षा बारा घरांनी मिळून शंभरची एक मोठी लाइन घेतली. शंभर म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त जेवढं येऊ शकतं तेवढं. जिन्याखाली पेटी बसली, पेटीतून बारा घरांत बारा वायरी गेल्या. देखरेख कोण करणार, असं विचारल्यावर अकरा घरांनी छताकडे पाहिलं. देवीदासजी एकमताने निवडून आले.

लाइन टाकायला केवलराम आला होता. चाळिशीचा, खांद्याला कायम शिडी. तो शिडीसकटच जन्मला असावा असं वाटे. त्याने देवीदासजींच्या फोनमध्ये दोन गोष्टी घालून दिल्या. हा फोन मूळचा सूनबाईंचा, म्हणजे दामिनीचा. तिने नवा घेतला आणि जुना सासऱ्यांना दिला, ससा काढलेल्या गुलाबी कव्हरसकट, पण नेटपॅकशिवाय. पेटीत काय चाललंय ते दाखवणारं एक पान ही त्यातली पहिली गोष्ट. त्यावर घराघरापुढे एक काळा आकडा, एक लाल.

"काला मतलब अभी का," केवलराम म्हणाला. "लाल मतलब पीक. सबसे ऊपर कहाँ तक गया था."

देवीदासजींचे डोळे पाणावले. "म्हणजे मॅक्झिमम डिमांड. आमचा लाल काटा."

केवलरामला यातलं काही कळलं नाही. पण डोळ्यांत पाणी असलेल्या माणसाला नाही म्हणू नये, एवढा तो सज्जन होता. "हाँ, वही," तो म्हणाला, आणि पुढचा सगळा घोळ या दोन शब्दांतून उभा राहिला.

कारण प्लांटच्या मोठ्या मीटरला दोन काटे असत. काळा हलता. तो वर जाताना लाल काट्याला पुढे ढकलत नेई, आणि स्वतः खाली आला तरी लाल तिथेच उभा राही, महिनाअखेरीस साक्ष द्यायला. पण हा लाल काटा उगाच कोणाच्या नादी लागत नसे. सलग अर्धा तास लोड ओढला, तरच हलायचा. त्यामुळे देवीदासजींच्या लेखी लाल म्हणजे अर्धा तास. जिन्याखालच्या पेटीच्या लेखी लाल म्हणजे किती, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. जन्मभर ज्याच्याशी सलगी आहे त्याला कोणी नाव विचारतं का?

दुसरी गोष्ट म्हणजे लाइनचा वेग तपासायचं अ‍ॅप. बोट दाबलं की एक गोल उमटे, त्यात काटा थरथरत वर चढे आणि नव्वदीच्या पुढे जाऊन डोलत राही. काटा असलेली वस्तू देवीदासजींना रिटायर झाल्यापासून दिसलीच नव्हती. ते त्या काट्याच्या प्रेमातच पडले. रीडिंगच्या आधी सप्लाय बघायचा, हा प्लांटचा शिरस्ता. म्हणून सकाळी सहापासून दर तासाला, तास भरला की भरला, देवीदासजी गॅलरीत उभे राहून काटा चढवत. एकदा नव्हे, तीनदा. एकदा घेतलेलं रीडिंग त्यांच्या दृष्टीने नुसती अफवा असे.

लाइन बुधवारी बसली. गुरुवारपासून अटकायला लागली.

सगळ्यात आधी चार नंबरचे शामसुंदर देशकर आले. हे प्लांटच्याच हिशेब विभागातून कारकून म्हणून रिटायर झालेले. ओळी मोजल्याशिवाय लग्नपत्रिकासुद्धा वाचत नसत. "देवीदासजी, अकरा वाजता नागपूरहून नातीचा व्हिडिओ येते. पोरगी 'आजोबा' म्हणायले तोंड उघडते, अन् ते उघडंच राहते. दाताच्या डॉक्टरकडे बसल्यावानी. मिनिटभरानं चालू होते, तोवर तिचं सांगून झालं राहते."

त्याचं एवढं विशेष नव्हतं. विशेष होतं घरातलं.

दामिनी पुण्याच्या एका कंपनीत होती. लोकांना कॉम्प्युटरवरून काम शिकवायचं, तेही घरी बसून. सहा महिने कच्ची नोकरी, मग पक्की. नवरा रोशन दुर्गला रेल्वेत, त्याला हलता येत नव्हतं. एके दिवशी दुपारच्या जेवणाला ती बसली ती ताटाकडे न बघताच.

"पप्पा, आज फिर से अटकलं. मीटिंग बरोबर तासाच्या ठोक्याले चालू होते, अन् ठोक्यालाच मी पडते. सर म्हणाले, पुढच्या शुक्रवारी अकरा वाजता फायनल मीटिंग हाय. तेव्हाबी पडली तर घरून काम बंद. पुण्याले या म्हणाले, ऑफिसात बसा."

"अन् समृद्धी?" शेवंताबाईंनी विचारलं.

"तिले इथं ठेवून मी काय करू आई? माह्यासोबतच येईल."

चार वर्षांची समृद्धी तेव्हा आजोबांच्या एका चपलेत दोन्ही पाय घालून उभी होती. देवीदासजींनी तिच्याकडे पाहिलं. चपलेकडे पाहिलं. मग हातातला घास खाली ठेवला.

"कोणतरी लाइन ओढून राहिलं," ते म्हणाले. "आठ दिवसांत चोर धरून देतो. तेहतीस वर्षं मी दुसरं केलं काय?"

दुसऱ्याच दिवशी नवं रजिस्टर निघालं. दर तासाला देवीदासजी आधी गॅलरीत तीनदा काटा चढवत, सप्लाय ठीक असल्याची खात्री करून घेत, मग पान उघडून लाल आकडे उतरवून घेत. सप्लाय नेहमी नव्वदीच्या वर निघे. "लाइनीत खोट नाई," ते शेवंताबाईंना सांगत. "खोट माणसात हाय."

पहिला संशयित सापडला तो शामसुंदरजी. चार नंबरपुढे लाल आकडा एक्केचाळीस.

"देशकरजी, काल आठ वाजता अर्धा तास तुमी एक्केचाळीस ओढले."

"मी? मी तर टीव्हीवर नेटचा पिच्चर लावला अन् झोपलो."

"झोपेत ओढले मग."

"अहो, झोपलेला माणूस काय ओढीन? चादर?"

हे जिन्यात झालं. संध्याकाळी देवीदासजींनी रजिस्टरातल्या सगळ्या लाल आकड्यांची बेरीज केली, आणि पेन हातातच राहिलं. चारशे बारा.

"शंभरच्या लाइनीतून चारशे बारा," ते शेवंताबाईंना म्हणाले. "वरचे तीनशे बारा आले कुठून? म्हणजे कोणीतरी बाहेरून वायर आणली. चोरीची."

शेवंताबाई मेथी निवडत होत्या. "अवो, सगळ्यायचं जास्तीत जास्त एकाच वेळी थोडीच राहते? तुमचा आवाज जास्तीत जास्त राहते सकाळी, माहा राहते संध्याकाळी. दोघांची बेरीज करून कोणी म्हणते का, या घरात चार माणसं भांडून राहिले?"

"तुले मीटरमधलं समजत नाई."

"मले माणसातलं समजते."

देवीदासजी पक्कड घेऊन गच्चीवर गेले. टाकीच्या मागून एक काळी केबल खाली उतरलेली दिसली. कोणाचीही परवानगी नसल्यासारखी, चोरासारखी अंग चोरून. त्यांनी ती कापली. दोन मिनिटांत चार नंबरमधून आरोळी आली. शामसुंदरजींच्या टीव्हीची डिश तिच्यावर चालत होती, आणि टीव्हीवर क्रिकेटची शेवटची ओव्हर.

यानंतर शामसुंदरजी बोलेनासे झाले. पण न बोलणारा हिशेबनीस बोलणाऱ्यापेक्षा वाईट. तो मोजत बसतो.

शेवटी गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता जिन्याखाली बैठक बोलावली. दामिनीची मीटिंग दुसऱ्या दिवशी अकराला. केवलरामही आला होता, शामसुंदरजींची केबल किती लागेल ते मापायला. शिडी भिंतीला टेकवून तो शेवटच्या पायरीवर बसला.

देवीदासजींनी ठराव मांडला. ज्या घरातला जो फोन लाल आकड्यात पन्नासच्या वर जाईल, तो सकाळी सहा ते दहा, चार तास बंद. फोनमध्ये तशी सोय होती. नावावर बोट ठेवायचं आणि 'ब्लॉक' दाबायचं. सगळ्यांनी हात वर केले. आपलं घर पन्नासच्या आत आहे हे प्रत्येकाने येतानाच विचारून घेतलं होतं.

शामसुंदरजींचा हातही वर होता, पण तो मत द्यायला नव्हता. "एक विचारू? नियम सगळ्यायले?"

"सगळ्यायले. माह्या घरचं असलं तरी."

"मग रजिस्टर दाखवा जरा." त्यांनी चष्मा लावला, बोट वरून खाली नेलं, पुन्हा वरून खाली नेलं. "घरं बारा. ओळी अकरा. सात नंबर कुठं हाय?"

सात नंबर देवीदासजींचं स्वतःचं.

"त्याचं काय लिहाचं?" देवीदासजी गोंधळले. "तिथं तर मीच राहतो. मीटर-रूमचा बल्ब कोणी मीटरमध्ये धरते काय?"

"आमच्या विभागात धरत होते," शामसुंदरजी म्हणाले.

अपमान झाला की देवीदासजींची मान सरळ होते. त्यांनी फोन केवलरामच्या हातात दिला. "घे. दाखव सगळ्यायले. सात नंबर."

केवलरामने ससा असलेलं कव्हर नीट धरलं आणि बोट दाबलं. "सात नंबर... लाल में सत्तानबे." मग आणखी एकदा दाबलं. "मोबाइल का नाम आ रहा है. दामिनी. सुबह छह बजे, सात बजे, आठ बजे, नौ बजे... ये तो हर घंटे है, अंकल. एकदम टाइम से."

जिन्याखालचे सगळे चेहरे देवीदासजींकडे वळले. वरच्या मजल्यावर कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, तीही अर्धीच.

देवीदासजींनी मनातल्या मनात हिशेब केला. शंभरातले सत्त्याण्णव, दर तासाला, अर्धा अर्धा तास. उरलेल्या अकरा घरांना मिळून तीन. आपल्या सुनेने हे केलं. आणि वर ताटावर बसून तीच सांगते, ठोक्याला मी पडते. पडणारच. एवढं ओढल्यावर कोण उभं राहील?

"जाऊ द्या देवीदासजी," शामसुंदरजीच म्हणाले. त्यांचा चष्मा आता खिशात गेला होता. "पोरीची उद्या मीटिंग हाय म्हणते. सोमवारी करू."

"नाई," देवीदासजी म्हणाले. "नियम म्हणजे नियम. उद्या सहा ते दहा. मीटिंग अकराले हाय. एक घंटा हातात राहते."

घरी आल्यावर त्यांनी दामिनीला काहीच सांगितलं नाही. फक्त चहा घेताना, कपात बघत, विचारलं, "दामिनी, तू दर घंट्याले काय करते?"

"काय करणार पप्पा? पडते."

तिने ते हसून म्हटलं, पण हसणं ओठांपर्यंतच आलं. देवीदासजींनी कबुलीजबाब मिळाल्यासारखा कप खाली ठेवला. शेवंताबाईंनी त्यांना स्वयंपाकघरात ओढलं.

"त्या पोरीले बंद करसान?"

"चारच घंटे."

"अन् नाई चालू झालं तर?"

"दाबलं का बंद, दाबलं का चालू. स्विच हाय तो."

"अन् नाई झालं तर समृद्धी पुण्याले जाते. तुमी मंग दर घंट्याले तिची चप्पल पाहत बसा."

देवीदासजींनी रजिस्टर छातीशी धरलं. तेहतीस वर्षांत त्यांनी एकही रीडिंग बदललं नव्हतं. फोरमनचं नाही, इंजिनिअरचं नाही. सुनेचं बदललं, तर मागची तेहतीस वर्षंही संशयाची होतात. असा विचार करणारा माणूस वाईट नसतो. फक्त त्याच्या घरात राहणं कठीण असतं.

शुक्रवारी सकाळी सहाला शामसुंदरजी फिरून परत येताना साक्षीदार म्हणून गॅलरीखाली थांबले. देवीदासजींनी त्या दिवशी काटा चढवला नाही. मनच नव्हतं. त्यांनी पान उघडलं, 'दामिनी' या नावावर बोट ठेवलं आणि डोळे मिटून 'ब्लॉक' दाबलं.

डोळे उघडले तेव्हा पान पांढरं झालं होतं.

"झालं?" खालून प्रश्न आला.

"झालं," देवीदासजी म्हणाले. आवाज कोणा दुसऱ्याचा वाटला.

सात वाजता नेहमीप्रमाणे हात खिशाकडे गेला. काटा चढवावा म्हणून अ‍ॅप उघडलं तर ते म्हणालं, इंटरनेट नाही. आठला तेच. नऊला तेच. देवीदासजींना वाटलं, सुनेसोबत आपल्यालाही शिक्षा झाली, घर एकच ना. ते न्यायाचं वाटून थोडं बरंच वाटलं.

दहा वाजले. त्यांनी पान उघडायला घेतलं. मधोमध एक चकती फिरू लागली. फिरतच राहिली. 'दामिनी' हे नाव, ते उलट दाबायचं बटण, सगळं त्या चकतीच्या मागे कुठेतरी होतं.

दहा वाजून पाच. चकती.

दामिनी केस विंचरून, चांगला कुर्ता घालून, समृद्धीच्या गालाचा पापा घेऊन खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. जाताना म्हणाली, "पप्पा, आशीर्वाद द्या." देवीदासजींनी दिला. हात तिच्या डोक्यावर होता, पण डोळे चकतीवर.

दहा वाजून दहा मिनिटांनी त्यांनी केवलरामला फोन लावला. "अरे, चालू नाई होऊन राहिलं. ये लवकर."

"अंकल, मैं तो पद्मनाभपुर में खंभे पर हूँ. साढ़े ग्यारह तक आ जाऊँगा."

"साडेअकरा?" देवीदासजी म्हणाले. "उतर खाली. मीच येतो."

जुनवानी ते दुर्गचं पद्मनाभपुर देवीदासजींची स्कूटर एरवी पाऊण तास घेते. देवीदासजी चाळीसच्या वर जात नाहीत. त्या दिवशी ते तिथे कधी पोहोचले हे त्यांनाच माहीत नाही, आणि कोणी सांगितलं तर त्यांनी ते रजिस्टरात लिहिलं नसतं. खांबाखाली केवलराम उभा होता. तो शिडी सोडून यायला तयार नव्हता.

"राहू दे ना शिडी."

"चोरी हो जाएगी."

शेवटी शिडीही आली. मागे केवलराम, त्याच्या खांद्यावर आडवी शिडी, दोन्हीकडे रस्त्याभर पसरलेली. हायवेवर ट्रकवाले बाजूला होऊन वाट देत होते. मंत्र्यांच्या गाडीलाही एवढी जागा मिळत नाही. एका सिग्नलला शिडीच्या टोकाला कोणाची तरी ओढणी अडकली, ती बाई "ए भइया" म्हणत दोन दुकानं मागे पळाली आणि ओढणी सोडवून घेऊन गेली. देवीदासजींनी मागे वळूनही पाहिलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे पुण्याला जाणारी गाडी होती, आणि खिडकीत एक लहानसा हात.

जिन्यापाशी पोहोचले तेव्हा अकरा वाजून सहा मिनिटं झाली होती. दोघे धापा टाकत वर आले. शेवंताबाई दामिनीच्या बंद दारापाशी उभ्या होत्या, हाताची घडी घालून.

"लवकर," देवीदासजींनी फोन पुढे केला. "चालू कर. दामिनीले चालू कर."

केवलरामने फोन घेतला, पण त्यात काही उघडेना. तो खाली गेला, पेटीपाशी उकिडवा बसून स्वतःच्या फोनवर पेटीचं पान उघडलं, यादी पाहिली, वर पाहिलं, पुन्हा यादी पाहिली आणि फोन बघत बघतच वर आला.

"अंकल, आपने किसको बंद किया?"

"सांगितलं ना. दामिनीले."

"पर बिटिया तो बात कर रही है."

तेव्हा कुठे देवीदासजींनी कान दिला. दारामागून दामिनीचा आवाज येत होता. न अडखळणारा, स्वच्छ. "यस सर, पुढच्या बॅचचं शेड्यूल मी कालच पाठवलं..." मग एक पुरुषी आवाज, मग दोघांचं हसणं. कोणाचंही तोंड उघडं राहिलं नव्हतं.

"हे कसं काय?" देवीदासजी कुजबुजले.

केवलरामने हळूच त्यांच्या हातातल्या फोनला बोट लावलं. गुलाबी कव्हरवरच्या सशाच्या नाकाला. "ये फोन पहले किसका था?"

"दामिनीचा. तिनंच तर..." देवीदासजींचं वाक्य तिथेच संपलं.

"नाम वही चल रहा है. ये 'दामिनी' तो आपके हाथ में है, अंकल. आपने खुद को बंद किया है. बंद फोन से चालू कैसे करोगे?"

शेवंताबाईंनी हाताची घडी सोडली आणि तोंडावर पदर धरला. खांदे हलत होते.

"पण सत्त्याण्णव?" देवीदासजींनी शेवटचा आधार पकडला. "दर घंट्याले सत्त्याण्णव मी कशाले ओढू? मी तर फक्त सप्लाय पाहतो. काटा चढवतो. तीन वेळा."

केवलराम तिथेच फरशीवर बसला. शिडीसकट. "हर घंटे? तीन बार?"

"सरासरी काढावी लागते."

"अंकल, वो लाइन पूरी खींच के ही बताता है कि कितनी है. उतनी देर बाकी सबका बंद."

"मीटर कधी वीज खाते काय?" देवीदासजींच्या आवाजात तेहतीस वर्षं होती.

"आपके प्लांट वाला नहीं खाता होगा. ए वाला मीटर खा के नापथे." आश्चर्याने केवलराम घरच्या बोलीत शिरला होता.

"म्हणजे," शेवंताबाई पदराआडून म्हणाल्या, "भाकरी किती हायत ते पाहाले सगळ्या खाऊन पाहाच्या. तेही तीन वेळा."

देवीदासजी भिंतीला टेकले. मीटिंगा तासाच्या ठोक्याला सुरू होतात, आणि ठोक्याला आपण गॅलरीत. नातीचं तोंड अकराला उघडं राहतं, आणि अकराला आपण गॅलरीत. चोर एवढा वक्तशीर का, हा प्रश्न त्यांना पडला होता; आता उत्तराचा चेहरा आरशात दिसण्याइतका ओळखीचा झाला.

"अन् देशकरजींचे एक्केचाळीस? अर्धा तास?"

"आधा घंटा कहाँ? वो तो एक सेकंड का भी पकड़ लेता है. टीवी पर फिल्म लगाओ तो शुरू में एक घूँट जोर से लेता है, फिर आराम से." केवलरामने अंगठा फोनवर धरला. "खोल दूँ आपका?"

देवीदासजींनी त्याचं मनगट धरलं. एवढ्या घाईने त्यांनी प्लांटमध्येही कधी कोणाला थांबवलं नसेल. "नको. अजून मीटिंग चालू हाय."

तिघे दाराबाहेर उभे राहिले. साडेअकराला दार उघडलं. दामिनी बाहेर आली, आणि या वेळी हसणं ओठांवर थांबलं नव्हतं.

"पप्पा, पक्की झाली. घरूनच करा म्हणाले. आज एकदाही नाई अटकलं. तुमी चोर धरला ना?"

देवीदासजींनी समृद्धीला उचललं. ती त्यांच्या चपलेसकट वर आली. मग बरं वाटलं की माणूस करतो तसं त्यांनी काहीतरी दुसरंच केलं. चष्मा काढून पुसला आणि परत लावायचा विसरले.

"धरला," ते म्हणाले.

तेवढ्यात शामसुंदरजी तळलेल्या गोड खुरमीचा डबा घेऊन वर आले. बोलणं बंद होतं हे बहुधा ते विसरले होते. "देवीदासजी, आज नात बोलली. पूर्ण बोलली. तिले दात आला म्हणे, तोबी दिसला. सूनबाईले बंद केल्यावर लाइन पाण्यावानी वाहून राहिली..." मग दामिनीला पाहून ते थांबले. "ही तर चालू हाय."

आता खरं तर एक सोपा रस्ता होता. केवलराम काही बोलला नसता, शेवंताबाईंनी फक्त घरात बोलून दाखवलं असतं, तेही जन्मभर. पण देवीदासजींनी रजिस्टर मागवलं. कानामागे हात नेला. या वेळी तिथे पेन होतं. अकराव्या ओळीखाली त्यांनी बारावी आखली: घर नंबर सात, लाल आकडा सत्त्याण्णव, ओढणारा देवीदास खोब्रागडे, कारण रीडिंग. आणि रजिस्टर शामसुंदरजींपुढे धरलं.

शामसुंदरजींनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. ओळी मोजल्या. "बारा," ते म्हणाले, आणि खुरमीचा डबा उघडून आधी देवीदासजींपुढे केला. "बरोबर. आता माह्या केबलचं तेवढं पाहा."

केबल केवलरामने जोडली. जाताना त्याने पुन्हा विचारलं, "अंकल, आपका खोल दूँ?"

"नको," दामिनी, शेवंताबाई आणि शामसुंदरजी एकदम म्हणाले.

देवीदासजींनी घड्याळ पाहिलं. "नियम चार घंट्याचा हाय," ते हळूच म्हणाले.

"ते तुमचे दहा वाजताच संपले," शेवंताबाई म्हणाल्या.

"मग राहू दे."

याला आता अडीच महिने झाले. फोनचं इंटरनेट अजून बंदच आहे. त्यावरून बोलता येतं, आणि बोलण्यापलीकडे फोनचं काम काय, असं देवीदासजी हल्ली लोकांना पटवून देतात. लाल आकडे दामिनी लॅपटॉपवर पाहून सांगते, ते उतरवून घेतात. सात नंबरचा शेवटचा आकडा एकोणीस. तास भरला की मात्र ते उठून गॅलरीत जातात, नुसतेच उभे राहतात, आणि त्यांचा अंगठा हवेत तीनदा हलतो. मग आतून दामिनीचं "गुड मॉर्निंग सर" ऐकू येतं, न अडखळता, आणि ते कान खाजवून आत येतात. चप्पल घालायला गेलं की ती जागेवर नसते.